सिएरा नेवाडा सेलिब्रेशनसारखी बिअर घरी: मागच्या वर्षी काकवी झाली, यंदा काय बदलू?

बुलरनचंपाणी, ९ सप्टेंबर

मंडळी नमस्कार. पोर्टलंड, ओरेगनमधून लिहितोय. चार वर्षं झाली गॅरेजमध्ये पाच-पाच गॅलनची बिअर करतोय. साधी पेल एल, स्टाउट वगैरे जमतं, पण घोडं अडलंय ते सेलिब्रेशनपाशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिएरा नेवाडा या कॅलिफोर्नियातल्या ब्रुअरीची थंडीतली आयपीए, म्हणजे जास्त हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांची) कडू बिअर, लाल लेबल, त्यावर बर्फातलं लाकडी घर. थंडीच्या तोंडावर दुकानात येते आणि नाताळनंतर दिसेनाशी होते. ६.८ टक्के, ६५ आयबीयू (कडूपणाचं माप), चांगली कडू पण खाली एक खरपूस गोडवा. भाजणीच्या चकलीबरोबर एकदा पिऊन बघा मग बोला.

मागच्या वर्षी तिची नक्कल करायला गेलो. सगळं जसंच्या तसं सांगतो म्हणजे चुका काढायला बरं. साडेपाच किलो टू-रो पेल मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), रंग यावा म्हणून क्रिस्टल ८० हे गडद, गोडसर मॉल्ट जवळजवळ एक किलो, मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवणं, ६९ सेल्सिअसला एक तास. हॉप्समध्ये चिनूक ६० मिनिटांना, म्हणजे उकळी संपायला तेवढा वेळ असताना, नंतर सेंटेनियल, कॅस्केड. हॉप्स आदल्या वर्षीचे उरलेले, झिपच्या पिशवीत, फ्रीजरच्या दारात पडून होते. यीस्ट यूएस-०५ चं एक पाकीट. ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेमुळे येणारी घनता, १.०६८ ने सुरू झाली आणि १.०२० ला येऊन जी बसली ती हललीच नाही, बादली हलवून पाहिली, गॅरेजमधून घरात आणली, शिव्या घातल्या, काही नाही.

पहिल्या आठवड्यात बाटली उघडली तेव्हा ठीक होती हो. पण दिवाळीला चार मित्र आले त्यांना दिली तर एकजण म्हणाला काकवीत सोडा घातलायस का. रंगही तांबूस राहिला नव्हता, चहा दुसऱ्यांदा उकळल्यावर होतो तसा मातकट. हॉप्सचा वास पार गेलेला. बायको म्हणाली ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, आणि खरं सांगायचं तर येत होता.

यंदाची गोष्ट अशी की मागच्या अंगणात कुंपणावर कॅस्केडचा वेल आहे, तिसरं वर्ष, पहिल्यांदाच असा लगडलाय. सेलिब्रेशनच्या बाटलीवर फ्रेश हॉप लिहिलेलं असतं म्हणून विचार असा की तोडायचे आणि तसेच ओले पातेल्यात टाकायचे. तर किती ओले हॉप्स घेऊ, क्रिस्टल कुठला घेऊ, आणि तो पुठ्ठा कुठून आला?

मॉल्टेश, ९ सप्टेंबर

शिकागोकडून नमस्कार. थांबा, वेलाला हात लावायच्या आधी हे वाचा. फ्रेश हॉप आणि वेट हॉप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यात भले भले फसतात. वेट हॉप म्हणजे तोडला की न वाळवता त्याच दिवशी पातेल्यात. सिएरा नेवाडाची तशीही एक बिअर होती, हार्वेस्ट नावाची. सेलिब्रेशनमध्ये मात्र हॉप वाळवलेलाच असतो, फक्त यंदाच्या सुगीचा, भट्टीतून निघाल्यावर गोदामात पडून न राहता थेट ब्रुअरीत गेलेला. आपल्याकडचंच बघा ना, हिरवी मिरची आणि यंदाची नवी बेडगी. दोन्ही ताज्याच, पण हिरवी मिरची कुटून कोणी वर्षाचा मसाला करत नाही.

ओल्या हॉपमध्ये जवळजवळ ८० टक्के पाणी असतं, म्हणजे ३० ग्रॅम वाळलेल्याच्या जागी दीडशे ग्रॅमच्या वर ओला लागेल, आणि चव येते ती कापलेल्या गवताची, हिरवट. वाईट नाही, मला आवडते, पण ती सेलिब्रेशन नाही.

म्हणून वाळवा. खिडकीची जाळी दोन विटांवर आडवी ठेवा, त्यावर हॉप्स एका थरात, खालून पंखा. उन्हात नको. ओव्हन लावायचा मोह होईल, लावू नका, फार तापलं की सुगंधी तेलंच उडून जातात. दोन-तीन दिवसांत होतं. झालंय का ते पाकळीवरून कळत नाही, पाकळ्या पहिल्याच दिवशी कागदासारख्या वाजतात आणि आपण फसतो. बोंड मधोमध फाडा आणि आतलं देठ वाकवा. वाकलं तर ओलं आहे, काडकन मोडलं तर झालं. फाडल्यावर देठाशी हळदीसारखी पिवळी चिकट पूड दिसेल, ते ल्युप्युलिन, सगळा जीव त्यात. बोटाला लागली की संत्र्याच्या सालीचा वास यायला हवा. कांदा-लसणाचा आला तर समजा तोडायला उशीर झाला.

आणि घरच्या हॉपवर कडूपणासाठी विसंबू नका, त्यात अल्फा अ‍ॅसिड, म्हणजे कडूपणा देणारं द्रव्य, किती टक्के ते तुम्हाला माहीत नाही. कडूपणा विकतच्या चिनूकवर सोडा, पाकिटावर आकडा छापलेला असतो. घरचा कॅस्केड शेवटी घाला आणि ड्राय हॉपला, म्हणजे न उकळता आंबणाऱ्या बिअरमध्ये टाकायला, वापरा.

कडूजीभ, १० सप्टेंबर

मॉल्टेशभाऊंनी हॉप्सचं बरोबर सांगितलं, मी धान्याकडे येतो कारण काकवी तिथे झालीय. एक किलो क्रिस्टल ८० म्हणजे काय केलंत राव! आणि वर मॅश ६९ ला. एवढ्या तापमानाला जी साखर तयार होते त्यातली बरीच यीस्टला खाताच येत नाही, आणि क्रिस्टलमधलीही बरीचशी तशीच राहते. मग १.०२० ला अडकली यात यीस्टचा काय दोष, ते बिचारं जेवून ताटावरून उठलं होतं, तुम्ही उगाच बादली हलवत बसलात.

मी पाच-सहा वेळा केलीय ही. माझं प्रमाण असं: टू-रो साडेपाच किलो, इंग्लिश क्रिस्टल ६० च्या आसपासचा ४५० ग्रॅम, संपलं. म्युनिक नाही, व्हिक्टरी नाही, नेटवर लोक दहा-दहा प्रकारचे मॉल्ट टाकतात ते सगळं सोडा. मॅश ६६ ला. ग्रॅव्हिटी १.०६५ च्या आसपास येते आणि १.०१३ पर्यंत उतरली की हिशोबाने बरोबर ६.८ टक्के होतात. उकळीत चिनूक २८ ग्रॅम साठ मिनिटांना, सेंटेनियल २८ वीस मिनिटांना, कॅस्केड २८ दहा मिनिटांना, आच बंद केल्यावर कॅस्केड आणि सेंटेनियल २८-२८, मग ड्राय हॉप दोन्ही मिळून ६० ग्रॅम. पासष्ट आयबीयूच्या जवळ जातं.

यीस्ट तुम्ही बरोबर घेतलंत, यूएस-०५ म्हणजे चिकोचंच वाण, चिको म्हणजे सिएरा नेवाडाचं गाव. १८-१९ सेल्सिअसला ठेवा, वर जाऊ देऊ नका.

एक गंमत सांगतो. लोक म्हणतात १९८१ पासून तीच रेसिपी. अहो चिनूक बाजारात आला १९८५ ला आणि सेंटेनियल १९९० ला, मग १९८१ च्या बाटलीत ते कुठून येणार? म्हणजे त्यांनीही वाटेत बदललीच असणार. तेव्हा ग्रॅमा-ग्रॅमाला चिकटून बसू नका. यंदाचे हॉप्स आणि कमी गोडवा एवढं धरून ठेवा.

पुणेरीतहान, १० सप्टेंबर

हे सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं. कोथरूडमध्ये कुकरमध्ये दोन-तीन लिटर करून बघता येईल का? बार्ली तर दिवेकर करताना आणतोच, मोड आणून वाळवली तर? हॉप्स ऑनलाइन मिळतायत.

कडूजीभ, १० सप्टेंबर

दिवेकर करताना बार्ली? ही कुठली नवीन डिश काढलीत पुणेकरांनी? 😄 बाकी नका करू साहेब. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी दारू बनवणं त्यात बसत नाही आणि बिअरही दारूच.

पुणेरीतहान, १० सप्टेंबर

दिवे! दिवे लिहायचं होतं! दीप अमावस्येचे कणकेचे दिवे, आमची आई त्यात थोडं बार्लीचं पीठ घालते. ऑटोकरेक्टने वाट लावली. कायद्याचं कळलं, मग आपली मायक्रोब्रुअरीच बरी, महाग पडते तेवढंच दुःख.

मॉल्टेश, ११ सप्टेंबर

इथे अमेरिकेतही एकेकाळी चालत नव्हतं. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनी सही केली आणि घरगुती बिअरला केंद्राची परवानगी मिळाली, तरी अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ पर्यंत अडून बसले होते. आता एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, विकायची मात्र नाही. मजा म्हणजे सिएरा नेवाडाचे संस्थापक केन ग्रॉसमन यांनी चिकोमध्ये घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकायचं दुकान काढलं १९७६ ला, म्हणजे कायद्याच्याही आधी. आज आपण त्यांच्या बिअरची नक्कल करतोय.

यीस्टताई, ११ सप्टेंबर

पुठ्ठ्याबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून मी बोलते. माझं रोजचं काम दुग्धशाळेच्या लॅबमधलं आहे, बिअर फक्त शनिवारी. पण नासणं दोन्हीकडे कळतं.

ओला पुठ्ठा, वास जाणं, रंग मातकट होणं, ही तिन्ही ऑक्सिजनची लक्षणं आहेत. तुम्ही लिहिलं नाहीत पण माझा अंदाज सांगते. आंबवून झाल्यावर बिअर एका बादलीतून दुसऱ्या बादलीत ओतलीत, मधे एक सेकंडरीही (दुसऱ्या भांड्यात मुरवत ठेवणं) केलीत आणि ड्राय हॉप तिथे टाकलात. शिवाय बादली हलवलीत असं तुम्हीच म्हणताय. सफरचंद कापून ठेवल्यावर काळं पडतं ना, तसंच. आणि जेवढे हॉप्स जास्त तेवढं नुकसान पटकन दिसतं, स्टाउटमध्ये हेच सगळं केलंत तरी लपून जातं, म्हणून तुमची स्टाउट जमते.

काय करायचं तर सेकंडरी विसरा. एकाच भांड्यात राहू दे. ड्राय हॉप आंबणं संपत आलं असताना टाका, पूर्ण संपल्यावर नाही. यीस्ट अजून जागं असतं, झाकण उघडल्यावर जी थोडी हवा आत गेली ती ते खाऊन टाकतं. पण मग एक सांभाळायचं, हॉप्समध्येही थोडी एन्झाइम्स असतात, ती उरलेल्या साखरेचे तुकडे करतात आणि संपलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. त्यामुळे ड्राय हॉपनंतर ग्रॅव्हिटी तीन दिवस लागोपाठ तीच आली तरच बाटल्या भरा. घाई केलीत तर बाटल्या फुटतील, हे मी छत पुसलेली बाई म्हणून सांगतेय.

भरताना नळी बाटलीच्या तळाशी टेकवून भरा, वरून धार नको. फेस तोंडापर्यंत आला की त्या फेसावरच झाकण ठोका. बाटलीत फेस धरायला साखर पाच गॅलनला ११० ग्रॅम डेक्स्ट्रोज, पाण्यात उकळून. आणि तयार झाल्यावर फ्रिजमध्ये. मागच्या वर्षी बाटल्या गॅरेजमध्येच होत्या ना?

पाण्याचंही सांगते. तुमच्या पोर्टलंडला येणारं बुल रनचं पाणी एकदम हलकं, क्षार कमी, नशीबवान आहात, पण त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन असतं आणि ते नुसतं उकळून जात नाही. बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येऊ शकतो. ते घालवायला कॅम्पडनची (सल्फाइटची) एक गोळी २० गॅलनला पुरते, तुम्ही अर्धी चुरडून टाका. आणि पाणी इतकं हलकं असल्यामुळे कडूपणा बोथट लागतो, सगळ्या पाण्यात मिळून सात-आठ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घाला, कडूपणाला धार येते.

बुलरनचंपाणी, ११ सप्टेंबर

ताई तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये कॅमेरा लावलाय का. सेकंडरी केली होती, दुसऱ्या बादलीत वरून ओतली होती, खळखळ आवाज करत, मला वाटलं नीट मिसळतंय. बाटल्याही गॅरेजमध्येच. आणि हॉप्स शिळे. म्हणजे एकही चूक सोडली नाही.

वेल उतरवला. एक किलो चारशे ग्रॅम निघाले ओले. हातावर ओरखडेच ओरखडे, वेलाला बारीक काटेरी लव असते हे कोणी सांगत नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला हवा होता. जाळीवर पसरलेत, गॅरेजमध्ये पंखा चालू. शेजारी विचारून गेला काय शिजतंय.

एक प्रश्न, उरलेले उकडलेले हॉप्स खत म्हणून झाडांना चालतील का?

मॉल्टेश, ११ सप्टेंबर

चालतील, पण घरात किंवा शेजारी कुत्रा आहे का? असेल तर अजिबात उघड्यावर टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, अंगाचा ताप भयंकर वाढतो आणि जीवावर बेतू शकतं. उकळल्यावर तर गोडसर लागतात म्हणून कुत्रा आवडीने खातो. पिशवीत बांधून कचऱ्यात.

बुलरनचंपाणी, ११ सप्टेंबर

शेजाऱ्याचा लॅब्राडोर दिवसातून चारदा आमच्याकडे असतो. बरं झालं विचारलं.

बुलरनचंपाणी, १२ नोव्हेंबर

धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायला.

वाळून २९० ग्रॅम कॅस्केड भरला. पहिल्या दिवशी मला वाटलं झालं, मग देठ वाकवून पाहिलं तर रबरासारखं, अजून दोन दिवस ठेवले. सेंटेनियल आणि चिनूक यंदाच्या सुगीचे मिळेपर्यंत थांबलो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी उकळी काढली. कडूजीभ यांचं धान्य जसंच्या तसं, मॅश ६६ ला, अर्धी गोळी, आठ ग्रॅम जिप्सम. ग्रॅव्हिटी १.०६४. सहाव्या दिवशी बुडबुडे मंदावले तेव्हा ड्राय हॉप टाकला. १.०१३ ला उतरली आणि तिथेच तीन दिवस राहिली, ताई, रोज मोजली. एक फटका बसला, अख्खी बोंडं स्पंजासारखी बिअर पितात, लिटर-दीड लिटर त्यातच गेली, विकतच्या पेलेट्सना, म्हणजे हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांना, हा त्रास एवढा नाही. पिळायला हात शिवशिवत होते पण ऑक्सिजन आठवला आणि सोडून दिलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तेच चार मित्र. दुकानात यंदाची सेलिब्रेशन आली होती, ती शेजारी ठेवली. बायकोने डोकं चालवलं आणि स्टीलच्या पेल्यांत दिली म्हणजे रंगावरून कोणी ओळखू नये. प्रत्येकाला तीन पेले, दोनमध्ये एक, तिसऱ्यात दुसरी, वेगळा कुठला ते सांगा. चौघांपैकी तिघांनी बरोबर ओळखला. म्हणजे नक्कल जमली असं म्हणता येणार नाही. पण त्यातल्या दोघांनी माझी जास्त आवडली म्हणून सांगितलं, आणि त्यात तो काकवीवाला होता.

फरक काय तर त्यांच्या बिअरमध्ये एक राळेसारखा, पाइनच्या लाकडासारखा खडबडीतपणा आहे तो माझ्यात नाही. माझी जास्त फुलांची, संत्र्याच्या सालीची. कडूपणाही त्यांचा जिभेवर जास्त वेळ राहतो. रंग नंतर काचेत ओतून पाहिला, जवळजवळ तोच, तांब्याच्या लोट्यासारखा. पुठ्ठा नाही. बायकोने मुद्दाम दोनदा वास घेतला.

कडूजीभ, १२ नोव्हेंबर

राळ चिनूकची. तुम्ही तो फक्त साठ मिनिटांना घातलात त्यामुळे त्याचा वास उकळीतच गेला, म्हणजे चूक माझ्या रेसिपीची, मला कमी पाइन आवडतो म्हणून मी उशिरा घालत नाही. पुढच्या वेळी दहा मिनिटांना १५ ग्रॅम टाकून बघा. आणि दोन बाटल्या जानेवारीपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, वास किती टिकतो ते बघायचंय मला.

यीस्टताई, १२ नोव्हेंबर

एक बाटली मुद्दाम गॅरेजमध्येही ठेवा. तुलनेला.

बुलरनचंपाणी, १३ नोव्हेंबर

अकरा उरल्यात. दोन फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे, एक गॅरेजमध्ये, तिन्हींच्या झाकणावर मार्करने फुली मारलीय. जानेवारीत कळवतो.